दर की मोजमाप? एका नगरपरिषदेतल्या घरपट्टी फेरआकारणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

शहर पश्चिम महाराष्ट्रातलं, नगरपरिषद ‘ब’ वर्गाची, म्हणजे लोकसंख्या ४० हजार ते १ लाखाच्या दरम्यान. नाव आणि ओळख पटेल असे तपशील इथे दिलेले नाहीत. जुनं गावठाण, त्याला लागून पेठा, पलीकडे नव्वदनंतर पडलेले प्लॉट आणि बायपासच्या कडेला अलीकडे उभे राहिलेले गाळे व मंगल कार्यालयं, अशी साधारण रचना. नगरसेवकांची मुदत संपलेली होती, निवडणुका आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या वादात अडकलेल्या. कारभार प्रशासकाकडे, आणि प्रशासक म्हणजे मुख्याधिकारीच. डिसेंबर २०२५ मध्ये मतदान होईपर्यंत राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांनी काही वर्षं अशीच काढली. त्यामुळे सभेत प्रश्न विचारायला नगरसेवक नव्हते, होते ते फक्त माजी.

नगरपरिषदांचा १९६५ चा अधिनियम सांगतो की कर आकारणीची यादी चार वर्षांतून एकदा तरी नव्याने तपासायची. यालाच चतुर्वार्षिक आकारणी म्हणतात. या शहरात ती लांबत गेली होती. निवडणूक जवळ आली की कोणीच घरपट्टीला हात लावत नाही, आणि आपल्याकडे निवडणूक कायमच जवळ असते. शेवटी रेटा आला तो वरून. १५ व्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला मालमत्ता कराच्या अटी जोडल्या: राज्याने कराचे किमान दर अधिसूचित करायचे, आणि नंतर वसुलीतली वाढ राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीशी मिळतीजुळती ठेवायची. अनुदान हवं तर घरपट्टी वाढली पाहिजे, असा त्याचा सरळ अर्थ मुख्याधिकाऱ्यांनी घेतला. त्यात चूक काही नव्हती.

जुनं रजिस्टरही खरोखरच कुजलेलं होतं. बायपासवरच्या काही गाळ्यांची नोंदच नव्हती. प्लॉटवरच्या दोन मजली बंगल्यांना तळमजल्याचीच पट्टी येत होती, आणि गावठाणातला मातीच्या भिंतींचा वाडा मात्र वर्षानुवर्षं नियमाने भरत होता. म्हणून एका खासगी एजन्सीला सर्वेक्षणाचं काम दिलं गेलं: वरून ड्रोनने छायाचित्रं, खाली घरोघरी माहिती. एजन्सीचा मोबदला ठरला तो मोजलेल्या मालमत्तांच्या संख्येवर. या अटीकडे तेव्हा कोणाचं लक्ष गेलं नाही. पुढच्या गोंधळाचं बरंचसं मूळ तिच्यातच होतं. संख्येवर पैसे मिळत असतील तर एका घरात टेप लावून अर्धा तास कोण घालवेल?

अडचण

नोटिसा वाटल्या गेल्या ऐन पावसाळ्यात. ए-फोर कागदाची एक बाजू: मालमत्ता क्रमांक, मालकाचं नाव, भोगवटादाराचं नाव, बांधकामाचा प्रकार, वापर, क्षेत्रफळ, करयोग्य मूल्य आणि शेवटी प्रस्तावित कर. लोकांनी शेवटचा आकडा पाहिला, जुन्या पावतीशी ताडून पाहिला आणि नोटीस घेऊन चौक गाठला. ‘वापर’ आणि ‘क्षेत्रफळ’ हे मधले रकाने फार थोड्यांनी वाचले.

घरपट्टी कशी निघते ते थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढचं लक्षात येणार नाही. आधी वार्षिक भाडेमूल्य काढतात: क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि विभाग यांवर ठरलेला दर लावून, ती जागा भाड्याने दिली तर वर्षाला काय येईल याचा हिशेब. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की करयोग्य मूल्य. त्यावर टक्केवारीने नगरपरिषदेचा कर. शिवाय त्याच बिलात राज्याचा शिक्षण कर, वृक्षकर आणि बिगरनिवासी वापर असेल तर रोजगार हमी करही येतो. शिक्षण कराचे टप्पे मूल्याप्रमाणे चढत जातात आणि बिगरनिवासी जागेला तो जास्त दराने लागतो.

आता समजा ६० चौरस मीटरचं घर आहे आणि दरमहा चौरस मीटरला १० रुपये भाडं धरलं. भाडेमूल्य ७,२०० रुपये, करयोग्य मूल्य ६,४८०. तेच घर ७५ चौरस मीटर नोंदलं गेलं तर करयोग्य मूल्य थेट ८,१०० होतं. दर एका पैशाने न वाढवता पट्टी चौथ्या हिश्शाने वाढली.

नेमकं हेच अनेक घरांत झालं होतं. ड्रोनला वरून दिसतं ते छप्पर, भिंती नव्हेत. पागोळ्या, पडवीवरचा पत्रा, मागच्या अंगणातला गोठा हे सगळं एकाच बाह्यरेषेत आलं होतं. गल्लीतल्या एका घरात आम्ही टेप धरून पाहिलं, तर पुढच्या-मागच्या पत्र्याची झेप जवळजवळ एका खोलीएवढी भरली. वापराच्या रकान्यातली गंमत आणखी वेगळी. सर्वेक्षणाला आलेली मुलं उंबऱ्यातूनच विचारत, “घरात कोण काय करतं?” पुढच्या खोलीत पिको-फॉलचं मशीन दिसलं की नोंद ‘दुकान’. घरगुती पिठाची चक्की दिसली तरी ‘दुकान’. त्या एका शब्दाने भाड्याचा दर, शिक्षण कर आणि रोजगार हमी कर असं तिन्हींकडून बिल फुगलं.

म्हणजे एका आकड्यात तीन तक्रारी गुंतल्या होत्या. दर वाढला ही एक, क्षेत्र चुकलं ही दुसरी, वापर चुकला ही तिसरी. चौकात मात्र तिन्हींची मिळून एकच घोषणा झाली: ‘जाचक करवाढ रद्द करा.’

समोर असलेले पर्याय

नागरिकांची कृती समिती तिसऱ्या-चौथ्या दिवशीच तयार झाली. दोन माजी नगरसेवक, व्यापारी संघटनेचे काही जण, एक वकील, दोन निवृत्त शिक्षक. पहिल्या बैठकीत पर्याय मांडले गेले ते असे.

मोर्चा आणि शहर बंद हा पहिला आणि सगळ्यांना आवडलेला. मुंबईत जाऊन नगरविकास विभागाकडून स्थगिती आणायची हा दुसरा, माजी नगरसेवकांचा लाडका. जुन्या दरानेच भरायचं, वाढीव भरायचंच नाही, हा तिसरा. उच्च न्यायालयात रिट हा चौथा. वकिलांनी स्वतःच तो बाजूला ठेवला, कारण हरकत घेण्याचा मार्ग शिल्लक असताना न्यायालय आधी तिकडेच पाठवेल. आणि पाचवा, ज्याबद्दल कोणी फारसं उत्साहाने बोलत नव्हतं, तो म्हणजे ज्याने-त्याने आपल्या घराची लेखी हरकत द्यायची.

पाचव्या पर्यायाची बाजू लावून धरली ती नगरपरिषदेच्या कर विभागातून निवृत्त झालेल्या एका लिपिकाने. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. बैठकीत कोणीतरी विचारलं, “अण्णा, मोर्चाला येताय ना?” ते म्हणाले, “येतो की. पण आधी हरकत लिहा आणि आवकचा शिक्का घ्या. मोर्चाची पोच मिळत नाही.”

त्यांचं म्हणणं कायद्याला धरून होतं. यादी जाहीर झाल्यावर हरकतीला मिळतात ३० दिवस. हरकतींची सुनावणी घेतो प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी. तो नगररचना विभागाचा, नगरपरिषदेचा नोकर नव्हे. सुनावणीनंतर यादी कायम होते. पुढे अपील करायचं तर मुदतीत लेखी हरकत घेतलेली असावी लागते. मुदत गेली की घोषणा कितीही मोठी असो, चुकलेलं क्षेत्रफळ आपल्या नावावर पक्कं होतं.

नगरपरिषदेकडेही पर्याय होते. आहे तसं रेटून न्यायचं. सर्वेक्षण रद्द करून पुन्हा सुरुवात करायची. म्हणजे एजन्सीशी वाद, आणखी एक वर्ष, अनुदानाची अट डोक्यावर. किंवा ज्यांची तक्रार आहे त्यांचीच फेरमोजणी करायची. पहिले काही दिवस मुख्याधिकारी पहिल्याच पर्यायावर ठाम होते.

निर्णयाचे टप्पे

पहिला टप्पा छापील अर्जाचा. एका माजी नगरसेवकाने हरकतीचा नमुना छापून घरोघरी वाटला. त्यात एकच वाक्य: सदर करवाढ अन्यायकारक असून ती रद्द करण्यात यावी. खाली नाव, मालमत्ता क्रमांक, सही. दिसायला भारी: गठ्ठेच्या गठ्ठे जमा झाले, वर्तमानपत्रात फोटो आला. पण सुनावणी घेणाऱ्याने त्यावर करायचं काय? दर कोणत्या आधारावर चुकला ते त्यात नाही, क्षेत्र किती हवं ते नाही. त्याला एकच शेरा मारता येतो: ‘हरकतीत तथ्य आढळून आले नाही.’

अण्णांनी दुसरा नमुना हाताने तयार केला. वरच्या भागात नोटिशीतली नोंद, खाली प्रत्यक्ष मोजमाप: खोलीनिहाय लांबी-रुंदी, बांधकाम आरसीसी की पत्रा की माती, वापर राहता की दुकान. सोबत घराचा पेन्सिलीने काढलेला नकाशा आणि समोरून-मागून असे दोन फोटो. दोन निवृत्त शिक्षकांनी पेठेतल्या कॉलेजच्या मुलांना हाताशी धरलं. ती टेप घेऊन गल्लोगल्ली फिरली. हे काम संथ होतं, आणि समितीच्या निम्म्या लोकांना ते क्षुल्लक वाटत होतं. माझ्या मते सगळ्या प्रकरणात सर्वात उपयोगाचं काम हेच.

दुसरा टप्पा अफवेचा. मुदतीच्या तिसऱ्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर फिरलं, ‘स्थगिती आली.’ प्रत्यक्षात आलं होतं तोंडी आश्वासन. शिष्टमंडळाला कोणीतरी सांगितलं, “बघू, लक्ष घालतो,” आणि परतीच्या वाटेवर त्याची स्थगिती झाली. हरकतींची रांग दुसऱ्याच दिवशी ओसरली. समितीतल्या वकिलांनी लेखी आदेश मागितला. तो दाखवता आला नाही. मग त्यांनी स्पष्ट संदेश टाकला की आदेशाची प्रत हातात येत नाही तोवर मुदत चालूच आहे. यावरून समितीत वाजलं. आपलीच माणसं मुंबईत खटपट करत असताना असा संदेश म्हणजे पाय ओढणं, असं काहींचं म्हणणं पडलं. संदेश गेला नसता तर शेवटच्या आठवड्यातल्या हरकती आल्याच नसत्या, आणि त्यात मोजमापासह आलेल्याच जास्त होत्या.

स्थगिती खरंच आली असती तरी प्रश्न सुटला नसता. स्थगिती दर थांबवते, चुकीचं मोजमाप तसंच फायलीत राहतं. ती उठली की तेच क्षेत्रफळ परत येतं.

तिसरा टप्पा आवक-जावक टेबलावरचा. तिथला कर्मचारी चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती जोडल्याशिवाय हरकत घ्यायला तयार नव्हता. पैसे आधी भरण्याची अट अपिलाच्या टप्प्यावर असते. हरकतीला ती लावणं बेकायदा होतं. बऱ्याच बायका, विशेषतः ज्यांचे नवरे बाहेरगावी कामाला, या टेबलावरून परत गेल्या. शिष्टमंडळाने मुख्याधिकाऱ्यांना हे सांगितल्यावर त्यांनी त्याच दुपारी अट काढली आणि जादा टेबल लावलं. पण परत गेलेल्यांना पुन्हा बोलावण्याची व्यवस्था कोणी केली नाही. ना नगरपरिषदेने, ना समितीने.

चौथा टप्पा मुख्याधिकाऱ्यांचा, आणि प्रकरणाला वळण मिळालं ते इथे. मोजमापासह आलेल्या हरकतींपैकी काही त्यांनी स्वतः उचलल्या आणि वसुली लिपिकांना घेऊन त्या घरांवर गेले. नकाशे जवळपास बरोबर निघाले. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. एजन्सीच्या बिलाचा शेवटचा हप्ता रोखला, आणि सुनावणीच्या आधी फेरमोजणी लावली: एजन्सीचा माणूस, नगरपरिषदेचा लिपिक आणि घरमालक अशा तिघांच्या सह्यांचा पंचनामा. सुनावणी आधी आणि मोजणी नंतर असा क्रम असता तर मूल्यनिर्धारण अधिकाऱ्यासमोर एकाचा शब्द विरुद्ध दुसऱ्याचा शब्द एवढंच उरलं असतं.

ज्याबद्दल बैठकीत कोणी बोललं नाही

समिती सुरुवातीपासून दराच्याच घोषणेला का चिकटून राहिली, याचं एक कारण कोणी उघड सांगत नव्हतं. दराविरुद्धची घोषणा सगळ्यांना सोयीची असते. मोजमापाचा आग्रह सगळ्यांना परवडत नाही. ज्याच्या घरावर परवानगीशिवाय मजला चढलेला आहे, त्याला टेप नको असते. अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लागू शकते. हरकत घ्यायला जावं आणि शास्ती घेऊन यावं ही भीती खरी होती. समितीच्या पुढच्या फळीतल्या एकाचा तिसरा मजला असाच होता. टेप घेऊन मुलं त्यांच्या गल्लीत गेली तेव्हा त्यांनी बैठकीत सांगितलं, “या मोजणीच्या नादात आंदोलनाची धार बोथट होतेय.” त्यांना तसं खरंच वाटत असेलही. पण समितीचा निर्णय हितसंबंधांच्या संघर्षातून घेतला जातोय हे कोणीतरी तिथेच बोलायला हवं होतं. अण्णांना ते माहीत होतं. ते गप्प बसले. छोट्या शहरात सगळे एकमेकांच्या लग्नकार्याला जातात, त्यामुळे हे गप्प बसणं समजण्यासारखं आहे, तरी त्याची किंमत पडली. समितीने मोजमापाचा कार्यक्रम अधिकृतपणे कधी हाती घेतलाच नाही. तो शिक्षकांचा आणि पोरांचा खासगी उद्योग राहिला, आणि मुलं पोचली तेवढ्याच गल्ल्यांना त्याचा फायदा झाला.

निष्पत्ती

मोर्चा निघाला, चांगला मोठा निघाला. शहर अर्धा दिवस बंद राहिलं. त्यातून दराचा काही निकाल लागला नाही. लेखी स्थगिती शेवटपर्यंत आली नाही.

सुनावणीत छापील हरकती भराभर निकाली निघाल्या, म्हणजे बहुतेक फेटाळल्या गेल्या. मोजमापासह आलेल्यांचं चित्र वेगळं होतं. पंचनाम्याप्रमाणे क्षेत्र दुरुस्त झालं, पत्र्याची झेप वगळली गेली, पिको-फॉलवाल्या घरांचा वापर ‘निवासी’ झाला. गावठाणातल्या माती-दगडाच्या घरांना नव्या बांधकामाचा दर लागला होता. तीही चूक सुटली, कारण काही हरकतींना भिंतींचे फोटो जोडलेले होते. या घरांची पट्टी जुन्यापेक्षा थोडी वाढली, पण नोटिशीतल्या आकड्याच्या खूप खाली आली.

नगरपरिषदेचंही नुकसान झालं नाही. बायपासवरचे गाळे आणि बंगल्यांचे वरचे मजले पहिल्यांदाच यादीत आले. घरपट्टीचा खरा वाढीव पाया तोच होता, आणि तो गावठाणातल्या पागोळ्या मोजून मिळणार नव्हता. समितीतल्या त्या तिसऱ्या मजल्याचीही आकारणी झाली. त्यानंतर समितीच्या बैठका होईनाशा झाल्या.

ज्यांनी हरकतच घेतली नाही त्यांची यादी आहे तशी कायम झाली. त्यात टेबलावरून परत गेलेल्या बायका होत्या, ‘स्थगिती आली’ म्हणून घरी बसलेले होते, आणि वाड्यांचे वारस होते. वाड्यांचं दुखणं जुनं आहे. नोटीस निघते ती वारलेल्या आजोबांच्या नावाने, भोगवटादाराच्या रकान्यात एकाच चुलत्याचं नाव, आणि वाटणी न झालेल्या घरात सही कोणी करायची यावर भावकीत एकमत नाही. तीस दिवसांत ते होणारही नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

नगरपरिषदेने कराचा आकडा पाठवण्याआधी नुसतं मोजमाप पाठवायला हवं होतं. घराची बाह्यरेषा, क्षेत्र, प्रकार, वापर: बरोबर आहे का, एवढंच विचारणारा कागद. रक्कम दिसली की माणूस क्षेत्रफळ वाचत नाही, हे नोटिसा वाटल्याच्या दिवशीच चौकात दिसलं होतं. मोजमापाच्या दुरुस्त्या आधी झाल्या असत्या तर दरावरची चर्चा तरी स्वच्छ झाली असती. दरावर बोलण्यासारखं होतंच. विभागांची हद्द ठरवताना मुख्य रस्त्यावरची दुकानं आणि त्यामागच्या बोळातली घरं एकाच विभागात टाकली होती, आणि तो मुद्दा मांडणाऱ्या हरकती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आल्या.

एजन्सीच्या करारात मोबदला संख्येऐवजी तपासून बरोबर ठरलेल्या नोंदींवर ठेवता आला असता, आणि बिल देण्याआधी ठराविक घरांची आडवी-उभी तपासणी नगरपरिषदेच्याच माणसांनी करायची अट घालता आली असती. हप्ता रोखणं जमलं ते तो द्यायचा राहिला होता म्हणून.

समितीने सुरुवातीलाच कामं वेगळी करायला हवी होती: दरासाठी एक सविस्तर सामूहिक निवेदन, त्यात विभागांची हद्द आणि भाडेदराचा आधार, क्षेत्र-वापरासाठी घरोघर हरकत, आणि शास्तीची भीती असलेल्यांना वकिलांचा खासगी सल्ला. तिन्ही एकाच मोर्चात कोंबल्याने दराचा मुद्दा कच्चा राहिला आणि मोजमापाचा उशिरा सुरू झाला. मोर्चा काढू नये असं माझं म्हणणं नाही. जादा टेबल लागलं आणि मुख्याधिकारी घरोघर गेले, त्यामागे रस्त्यावरच्या गर्दीचा दाब होताच. फक्त गर्दीच्या हातात पोच घेतलेला कागद असता तर दाबाचा उपयोग जास्त झाला असता.

सध्या दोन गोष्टी प्रलंबित आहेत. हरकत घेऊनही समाधान न झालेल्यांची अपिलं, आणि वाड्यांना वारसांची नावं लावण्याचे अर्ज. नावं लावायला वारस दाखला, मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची संमती लागते. कर विभागाने त्यासाठी पेठेत शिबिर घ्यावं असा अर्ज त्याच दोन शिक्षकांनी दिला आहे. आता नगरसेवक निवडून आलेले आहेत, त्यामुळे हा विषय सभेपुढे नेण्याची सोय तरी झाली आहे. अर्जाची पोच त्यांनी घेतली आहे.